जुलेखाची सुट्टी

देरा, दुबई
नोव्हेंबर १९६४

प्रिय रशीदा,

सलाम आणि खूप दुवा. अक्षर वाकडंतिकडं आलंय म्हणून घाबरू नकोस. गच्चीवर बसून, मांडीवर पाट घेऊन लिहितेय. इथे सगळं ठीक आहे, असं नेहमीसारखं लिहिणार होते. पण आधी तुला आमच्या इथल्या सुट्टीची गोष्ट सांगते.

आमचं घर अरबाबच्या आवारात आहे. अरबाब म्हणजे यांचे मालक, तांदूळ-खजुराचे व्यापारी. त्यांच्या स्वयंपाकघरात जुलेखा असते. तिला लहानपणी मकरानच्या किनाऱ्यावरून पळवून आणून इथे विकलं. आईचा चेहरा आठवत नाही म्हणते, पण आई मासे खारवायची तो वास आठवतो. मी लग्न होऊन आले तेव्हा या परक्या मुलखात मला चुलीपाशी बसवून पहिला घास तिनेच भरवला. गेल्या वर्षी इथल्या शेखांनी मिळून गुलामी बंद झाल्याचं जाहीर केलं आणि जुलेखा मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी खिडकीतून बघते तर त्याच चुलीपुढे बसलेली! मी विचारलं, तर म्हणाली, "जाऊ कुठे? पण आता उठावंसं वाटलं तर उठेन."

यंदा तो दिवस जवळ आला तशी ती अरबाबपुढे जाऊन उभी राहिली. तिचं म्हणणं, त्या दिवशी दरवर्षी चूल बंद, वखार बंद, आणि तसं अरबाबनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगायचं. अरबाब हसले. ईदची सुट्टी मिळतेच की, म्हणाले. ती म्हणाली, "ईद अल्लाची. हा दिवस आमचा." आणि तिने खरंच चूल पेटवली नाही. वखारीतले हमाल, तेही तिच्यासारखेच सुटलेले, तिच्या शेजारी येऊन बसले. पाहुणे उपाशी परत गेले, तेव्हा अरबाब म्हणाले, बरं, 'आरामाचा दिवस' म्हणू या. जुलेखा जागची हलली नाही. तिला आराम नको होता, नाव हवं होतं. शेवटी जुम्म्याच्या नमाजानंतर अरबाबनी सांगितलं, की गुलामी संपली त्या दिवसाची सुट्टी या आवारात दरवर्षी राहील. सांगताना मान खाली होती. पण 'गुलामी' हा शब्द त्यांच्या तोंडून सगळ्यांनी ऐकला. जुलेखा रडलीबिडली नाही. ओढणी झटकून एवढंच म्हणाली, "खलास."

सुट्टीच्या दिवशी खाडीवर ढोल वाजले. जुलेखा नाचली म्हणे. 'म्हणे' लिहिलं, कारण मी तिथे नव्हते. मी यांना विचारलं होतं, तिच्याबरोबर जाऊ का? हे हसून म्हणाले, "तुला काय कोणी विकत आणलंय? तुला कसली सुट्टी?" आणि रोजच्यासारखं बाहेरून कुलूप लावून स्वतः ढोल ऐकायला गेले.

होय, रोजच्यासारखं. रशीदा, हे मी तुला कधी लिहिलं नाही. कसं लिहिणार? माझी सगळी पत्रं हे शेजारी बसून लिहून घेतात. 'आम्ही खाडीवर फिरायला जातो' हे वाक्य यांचं. मी खाडी पाहिलीय ती या गच्चीवरून, तीही नुसती डोलकाठ्यांची टोकं. माय गेली तेव्हा 'अन्वरी आली नाही' म्हणून सगळ्यांनी मला नावं ठेवली असतील. मी यांचे पाय धरले होते गं. पासपोर्ट यांच्या पेटीत आहे. हे मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत. साडी, तेल, साबण सगळं आणून देतात. त्यामुळे तक्रार करायची तरी काय, हेच मला इतके दिवस कळेना. परवा जुलेखाने खिडकीशी येऊन विचारलं, "तू कधी सुटणार?" मी म्हटलं, मी गुलाम थोडीच आहे? ती दाराकडे बघत राहिली. हे पत्र मी तिच्याकडेच देणार आहे. आपल्या हर्णैचा याकूब गलबतावर खलाशी आहे, त्याच्या हातात ती नेऊन देईल.

आता का लिहितेय ते सांगते. काल हे खुशीत घरी आले. धाकट्या भावासाठी, शौकतसाठी, यांनी बाबांकडे तुझी मागणी घातलीय आणि बाबा राजी आहेत म्हणे. "तुला बहिणीची सोबत होईल," म्हणाले. या अल्ला, घटकाभर मलाही आनंद झाला! तू माझ्याजवळ असशील, एवढंच डोळ्यांपुढे आलं. शौकत देखणा आहे, गोड बोलतो, मला भाभी-भाभी करतो. हे शारजाला जातात तेव्हा कुलूप तोच लावतो. एकदा मला ताप होता. आज दार उघडं ठेव, म्हणून विनवलं. "भाईंनी सांगितलंय, भाभी," म्हणाला, औषध उशाशी ठेवलं आणि कुलूप लावून गेला. म्हणून लिहितेय. नाही म्हण, रशीदा. बाबांना हे पत्र वाचून दाखव, रडले तरी पूर्ण वाचून दाखव. माझ्यासाठी काही करता आलं तर याकूबजवळ निरोप द्या, पण आधी तुझं. तुझा नकार आला की इथे आदळआपट होईल, भांडी फेकली जातील. त्यावरूनच मला कळेल, की माझं पत्र तुला पोचलं. मी त्या आवाजाची वाट बघतेय.

तुझीच,
अन्वरी आपा