रविवारच्या जेवणाचा खरा वृत्तांत

मंगळवार, १२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत, तुम्हीही असाल. रीत म्हणून लिहिलं. त्यातलं पहिलं अर्धं खोटं आहे आणि दुसऱ्याची चौकशी करायची मला इच्छा नाही.

फोन करत नाही, कारण फोनवर तू "एक मिनिट हं" म्हणतोस आणि ते मिनिट दुसऱ्याच कुणाला तरी देऊन टाकतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

फोटो बघून तू कळवलंस, "वा, काय मजा केलीत! मी मिस केलं." मिस केलं नाहीस, तू आला नाहीस. बाबांना एक्याऐंशी पूर्ण झाली म्हणून हॉटेलात जेवायचा बेत तुझा, हॉटेल तू निवडलंस, चौघांचं टेबल तुझ्या नावावर. आम्ही तिघं, म्हणजे बाबा, मी आणि माझा नवरा, दारात पोचलो आणि तुझा निरोप आला: "काम निघालं. तुम्ही सुरू करा."

आम्ही सुरू केलं. सुरू बाबांनीच केलं.

सूप घेऊन वेटर आला. पन्नाशीचा, शांत माणूस. बाबा सुपाकडे बघेनात, त्याच्या खांद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जरा हात वर करा." बिचाऱ्याने ट्रे ठेवून केला.

"बघितलंस?" बाबा माझ्या नवऱ्याला म्हणाले. "डावी बाही उजवीकडे बसवलीय! अहो, हा कोट कुणी शिवला? मित्राने की शत्रूने?"

"हॉटेलनं दिलाय, साहेब. हात वर केला की काखेत काचतो."

"काचणारच! काढा."

मी "बाबा, अहो बाबा" करतेय तोवर कोट त्यांच्या मांडीवर उलटा. पन्नास वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. कॉलरमागे दोरा ओवलेली सुई अजून असतेच. बाही काही तिथे निघणार नव्हती, पण अस्तर उसवलं होतं ते त्यांनी शिवायला घेतलं. दोन टाके सुबक, तिसरा स्वतःच्या पँटला. उठले तर कोट बरोबर उठला. मॅनेजर धावत आला. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमचा कोट चांगलाय. पोट बिघडलंय." शेजारच्या टेबलावरची माणसं खो खो हसली. त्यांच्यातल्याच एका बाईने आमचा तो फोटो काढला. तुला पाठवला तो.

आता त्यानंतरचं.

वेटर खुशीत होता. "बाबांची मुलगी का तुम्ही?" त्याने मला विचारलं. उत्तर बाबांनी दिलं.

"छे, छे. माझा मुलगा येतोय, ती खुर्ची त्याची. ह्या बाई मला सांभाळायला ठेवल्यात. चांगल्या आहेत. फक्त तोंडाने जरा फटकळ."

माझा नवरा हसला. त्याला वाटलं, बाबांची थट्टा. मला वाटलं नाही. मी उठून ओरडले, "मी मुलगी आहे तुमची! रोज तुम्हाला आंघोळ घालणारी मुलगी!" हात लागून सूप सांडलं, त्यांच्या नव्या शर्टावर. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं, दादा. आणि बाबा घाबरले. मला घाबरले. हात जोडून म्हणाले, "चुकलं, बाई. रागावू नका. काम सोडून जाऊ नका."

जन्मभर मला "अगं" म्हणणारा माणूस.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. आठ महिने चाललंय. तू दर रविवारी विचारतोस, "बाबा कसे आहेत?" आणि मी सांगते, "ठणठणीत." फोन यायच्या आधी मी त्यांच्याकडून वार, महिना, तुझ्या मुलांची नावं घोकून घेते, परीक्षेला बसवल्यासारखं. तुझं नाव घोकून घ्यावं लागत नाही. ते पक्कं आहे. त्याचा मला इतका संताप येतो की एकदा मी मुद्दाम म्हणाले, "तुम्हाला मुलगा नाहीच." ते दिवसभर जेवले नाहीत. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

तुला का नाही सांगितलं? तू लगेच एखादी चांगली संस्था शोधली असतीस, फोनवरून, हॉटेल शोधलंस तशीच. आणि मला दाखवायचं होतं की माझं तुझ्यावाचून अडत नाही. अडतंय. हे लिहिताना पेन कागदातून आरपार जातंय, इतका राग येतोय. अर्धा तुझ्यावर, अर्धा कुणावर ते तूच ओळख.

म्हणून नीट वाच. दोन एप्रिलला सकाळी मी माझ्या नणंदेकडे जातेय. तीन आठवडे. आम्हा दोघांची तिकिटं काढलीत. औषधांचं वेळापत्रक फ्रिजवर लावलंय, डॉक्टरांचा नंबरही. आंघोळीला पाणी कोमट लागतं, गरम झालं तर ते रडतात. पाठ चोळताना त्यांच्याशी बोलत राहायचं, नाहीतर कोण मागे उभं आहे ते त्यांना कळत नाही.

"काम निघालं" हा निरोप या वेळी पाठवायचा असेल तर बाबांना पाठव. मी तो वाचून दाखवणार नाही.

तू दारात उभा राहिलास की ते तुला ओळखतील. निदान आत्ता तरी. उशीर करू नकोस, एवढंच मी बहीण म्हणून सांगते. बाकी सगळं रागाने लिहिलंय आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

तुझी,
धाकटी