मैनेची चाल

३ डिसेंबर, बुधवार

आज नोकरीवर रुजू झालो. सिल्लोडहून पहाटेची एसटी धरली, दहाला तात्यासाहेबांच्या फार्महाऊसवर पोचलो. बजाजनगरच्या पुढं, पुरुषभर उंच भिंतीच्या आत. तबेला आरशासारखा स्वच्छ. पशुसंवर्धनाचा डिप्लोमा करून दोन वर्षं म्हशींमागं फिरलो, आता घोडी! तिचं नाव मैना. पांढरीशुभ्र मारवाडी, वरातीत नाचणारी, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली. आधी कय्युमभाई तिला सांभाळायचे. पंधरा दिवसांपूर्वी ते तापानं गेले, असं तात्यासाहेब म्हणाले. अम्मीला फोन करून सांगितलं, जागा लई भारी आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

मैना पाण्यात तोंड घालते, पण पाणी नाकातून परत येतं. लाळेची तार सुटलीय. घशात काही अडकलं असेल म्हणून मनगटापर्यंत हात घातला. काहीच नव्हतं. दाढेला घासून माझी दोन बोटं मात्र सोलली. चालताना ती मागचे खुर फरफटवते.

५ डिसेंबर, शुक्रवार

कॉलेजात शिकवली तशी तपासणी अंगणातच केली. छोट्या गोलात फिरवली, तर मागचे पाय एकमेकांत अडकले. चालता चालता शेपटी बाजूला ओढली. धड जनावर उलट जोर लावतं. मैना दारुड्यासारखी कलंडली. पुढचा एक पाय उचलून दुसऱ्यापुढं आडवा ठेवला. निरोगी घोडं लगेच पाय मागं घेतं. मी वीस मोजले. पाय तसाच.

दुखणं खुरात नाही, मेंदूत आहे. सरकारी डॉक्टरांना बोलवू, असं तात्यासाहेबांना म्हणालो. ते जराही चढ्या आवाजात बोलले नाहीत.

"तुला खरारा करायला ठेवलंय, निदान करायला नाय."

रविवारी मैनेचं गिऱ्हाईक येणार आहे. तोवर भिंतीबाहेर एक शब्द गेला नाही पाहिजे, म्हणाले. बोलताना माझ्या खांद्यावर हात होता. जड.

६ डिसेंबर, शनिवार

कय्युमभाईंची बायको वहिदा त्यांचे कपडे न्यायला आली. ताप किती दिवस होता, असं मी विचारलं.

"ताप कसला, भाऊ? पाणी समोर धरलं की त्यांचा गळा आवळायचा. पंख्याचं वारंसुद्धा सोसायचं नाय."

दिवाळीआधी एक पिसाळलेला कुत्रा आत शिरला होता. त्यानं कय्युमभाईंना चावा घेतला, आणि त्याच दिवशी मैनेलाही. तात्यासाहेबांनी हळद लावायला सांगितलं आणि घोडीचं कुठं बोलू नका म्हणून दम भरला. एवढं सांगेपर्यंत ते स्वतःच आले. वहिदाला दंडाला धरून गेटाबाहेर काढलं.

मी बोटं साबणानं धूत राहिलो. धूतच राहिलो. घाटीत, सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतलं तर वेळ गेलेली नाही. तसं तात्यासाहेबांना सांगितलं, हात जोडले. त्यांनी माझा फोन खिशात घातला.

"उद्या जा. एका दिवसात मरत नाय कुणी."

चाऱ्याच्या कोठीत ढकललं. बाहेरून कडी —

७ डिसेंबर, रविवार

पहाटेपासून मैना भिंतीवर डोकं आपटत होती. स्वतःचाच पाय चावत होती. मग तात्यासाहेबांनी तिला कसलीशी सुई टोचली. आता गप्प उभी आहे. मान खाली, लाळ पुसलेली, अंगावर झूल.

कडी तुटत नाही.

दुपार. गाडी आली. कोठीच्या जाळीतून दिसतंय. नवरा, बायको, सहा-सात वर्षांची मुलगी. घोडी नाचते का बघायला ढोलवालाही आणलाय. माझा आवाज ढोलात बुडतो. म्हणून हे पान जाळीतून टाकणार. सापडेल त्यानं वाचावं — घोडी पिसाळलीय. हात लावू नका. लाळेला तर —

ढोल वाढलाय. मैनेचे कान थरथरतायत. सुईची गुंगी उतरतेय —

मुलगी पुढं आली. हातात गुळाचा खडा. तात्यासाहेब तिला जवळ बोलावतायत, हसतायत, तळहात कसा पसरायचा ते दाखवतायत —

मैनेनं मान वळवली —

पोरी, मागं