तोंडातल्या टाचण्या

ता. ३, मंगळवार

ती. ताईला नमस्कार. दाजींना पण सांग. तुम्ही सगळे बरे असाल. आम्ही इकडे बरे आहोत. सासूबाईंचा गुडघा आता बरा आहे, जिना चढतात, फक्त मला ऐकू जाईल एवढं कण्हत चढतात. ह्यांची पाळी बदलली, सकाळी सहाला निघतात. मशीनचा पट्टा तुटला होता, तो मीच बसवला. तू असतीस तर म्हणाली असतीस, उलटा बसवलास. सुलटाच बसवलाय.

वर्ष झालं तुला लिहिलं नाही. तुझा फोन पण उचलला नाही. का ते तुला माहीत आहे. तुझ्या दुकानात चार बायका बसलेल्या, आणि तू माझ्या तोंडापुढे तळहात धरून म्हणालीस, थुंक इथं, साळिंदर कुठली. मी थुंकले. सात निघाल्या. बायका हसल्या, तू पण हसलीस. मला वाटलं, शिवायला हिनंच शिकवलं, टाचण्या ओठात धरायला पण हिलाच बघून शिकले, आणि आता चारचौघांत मलाच हसते. नंतर तू मनगटाला बांधायची ती लाल गादी पोस्टानं पाठवलीस, टाचण्या खोचायला. मी पुडकं फोडलं, बघितलं, आणि खणात टाकून दिलं. बांधली नाही एकदा पण.

ठकू आता वीस महिन्यांची झाली. तू बघितलीस तेव्हा रांगायची, आता खुर्चीवर चढते. दात अकरा आलेत. अजून बोलत नाही. सासूबाई म्हणतात, ह्यांच्याकडचे सगळे उशिराच बोलले, आणि बोलून तरी काय दिवे लावले. सगळं करून दाखवते. मी मशीनवर बसले की ती समोर पाय हलवते.

ताई, आम्ही बरे नाही. ठकू दवाखान्यात आहे. कालपासून. तिच्या पोटात टाचणी गेलीय.

मला शिवायचं काम देतात त्या दुकानवाल्या बाईंचा झगा होता, पांढरा साटीनचा, खालची पट्टी धरायची होती. डबी जमिनीवर उघडी होती. मी पाठमोरी होते. वळून बघितलं तर तिच्या तोंडात काहीतरी, आणि मग नाही.

डॉक्टरांनी फोटो काढला. काळ्या काचेवर तिच्या पोटातलं सगळं धुकं धुकं दिसतं आणि मधे टाचणी, एवढी स्वच्छ की डोक्याचा मणीसुद्धा दिसतो. ते म्हणतात, पुढे आतड्यात गेलीय, आता नळीनं काढता येणार नाही. सरकत सरकत आपोआप बाहेर पडेल, पुष्कळदा पडते. नाही पडली, कुठं टोचली, तर पोट उघडावं लागेल. रोज फोटो. ओकारी, रक्त, ताप, ह्यातलं काही दिसलं की लगेच सांगायचं. मी तिच्याकडे बघत बसलेय. पापणी लवली तरी मला भीती वाटते की तेवढ्यात काही होईल.

तुला हे फोनवर सांगायला गेले होते. नंबर पण लावला. तू 'बोल' म्हणालीस आणि माझ्या तोंडातून काही निघेना, म्हणून ठेवून दिला. काल दुपारचा तो फोन माझाच होता.

मला एकच विचारायचंय. तुला पण ही सवय होती. मी लहान असताना तू शिवायला बसलीस की तुझ्या ओठांतून नुसत्या टाचण्याच दिसायच्या. मग कधीतरी दिसेनाशा झाल्या. तू कशी सोडलीस ते लिही. मी लिंबू लावून बघितलं होतं टाचण्यांना. दोन दिवसांत लिंबाची पण सवय झाली.

ठकूसाठी देवाला काय म्हणायचं ते म्हण.

तुझी धाकटी


ता. ५, गुरुवार

ती. ताई,

नमस्कार. पहिलं पत्र अजून तुला पोचलं नसेल, तरी लिहिते. टाचणी हलली नाही. कालचा फोटो आणि आजचा फोटो डॉक्टरांनी शेजारी लावले, एकावर एक ठेवले असते तरी चाललं असतं. उद्या सकाळपर्यंत बघू म्हणाले. ठकूला खायला देत नाहीत, हाताला सुई लावून बाटली लटकवलीय. आधी रडायची. आता रडत पण नाही.

ताई, मी पाठमोरी नव्हते.

हे मी ह्यांना सांगितलं नाही, डॉक्टरांना नाही, सासूबाईंना तर नाहीच. झगा पुतळ्यावर होता. मी खाली गुडघ्यावर बसून पट्टी धरत होते. ठकू झग्याच्या पलीकडून वाकून माझ्यासमोर आली. आमची तोंडं एवढी जवळ होती की मला तिच्या श्वासाचा दुधाचा वास येत होता. तिनं डबीतून एक टाचणी घेतली आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्यात धरली. मी धरते तशी, मणी बाहेर. आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसली. बघ, मी पण.

माझ्या तोंडात पाच होत्या. मला ओरडता येईना. मी 'म्म, म्म' केलं. तिला वाटलं खेळतेय. ती पण म्हणाली, म्म.

मला थुंकता आलं असतं. पण झगा पांढरा होता. साटीनवर थुंकी पडली की डाग राहतो, टाचणी घसरली की धागा ओढला जातो, आणि दुकानवाल्या बाई भिंगातून बघतात. मी हे सगळं विचार करून केलं असं नाही. हातानंच केलं. मी एक काढली, हातात घेतली. दुसरी काढली. नीट, एकेक, रोज काढते तशी. पाचवी काढली आणि हात पुढे केला तर तिचे ओठ रिकामे होते.

एक माणूस आपल्या लेकराच्या तोंडात टाचणी बघतं आणि स्वतःच्या तोंडातल्या मोजून काढतं. हे मी आहे, ताई.

पुढचं ह्याहून वाईट आहे. मी तिच्या तोंडात बोट घातलं, उलटी धरली, पाठीत थापट्या मारल्या. ती हसत होती. मग मी लोहचुंबक घेऊन सगळी जमीन पुसून काढली. एक जुनी सुई मिळाली, दोन हूक. मी मनाला म्हटलं, फटीत गेली असेल. तिनं गिळली असती तर रडली असती. मी परत कामाला बसले. बसले आणि टाचण्या तोंडात घेतल्या. हे घरी आले, म्हणाले, 'काय गं, गप्प का आज?' मी म्हटलं, म्म. ते म्हणाले, 'आज म्हणजे रोजच म्हणा,' आणि हातपाय धुवायला गेले.

सकाळी ती ओकली. तेव्हा मी तिला उचलून पळाले. डॉक्टरांना म्हटलं, आत्ता तासाभरापूर्वी गिळली. त्यांनी फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. आवाज न चढवता म्हणाले, 'तासाभरात एवढी लांब जात नाही, बाई. काल आणली असती तर नळीनं काढली असती.' हे शेजारी उभे होते. त्यांना कळलं की नाही मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

तू मला साळिंदर म्हणायचीस. मी खरं सांगू का, मला ते आवडायचं. तोंडात टाचण्या असल्या की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. सासूबाई काही म्हणाल्या, मी तोंडाकडे बोट दाखवायचे. हे चिडले, मी तोंडाकडे बोट दाखवायचे. दुकानवाल्या बाई म्हणाल्या हे वाकडं आलंय, तरी तेच. लोक दोन मिनिटं थांबतात आणि मग जातात. मी लोक जायची वाट बघत शिवायचे. काम नसलं तरी दोन ठेवायचे ओठात, भाजी चिरताना पण. हात मोकळे राहतात म्हणून धरते असं मी सगळ्यांना सांगायचे. हात मोकळे राहून मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

आज दुपारी ह्यांच्या सदऱ्याचं बटण तुटलं, मी पिशवीतून सुईदोरा काढून लावत होते. नर्स आली, म्हणाली, 'अहो, तुमच्या तोंडात काय आहे?' मी हात लावून बघितला. पिन होती. लेकरू समोर खाटेवर, पोटात टाचणी घेऊन पडलंय, आणि मी परत तोंडात. कधी घातली मला आठवत नाही. ताई, मला आठवतच नाही. मग मी काय सोडणार?

तू काही लिहू नकोस वाटलं तर. पण हे कुणाला तरी सांगायचं होतं.

तुझी
साळिंदर


ता. ११, बुधवार

ती. ताई,

नमस्कार. दाजींना सांग, पैशांचं विचारलं होतं तर ते ह्यांनी केलंय सगळं, काळजी करू नका.

शुक्रवारी सकाळी पोट उघडलं. टाचणी निघाली. निळ्या मण्याची होती. ठकू आहे. दूध पिते. ताप आला होता दोन दिवस, कालपासून उतरलाय. डॉक्टर म्हणतात, धोका टळला. सगळे मला हेच सांगतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात की आता मी हसेन.

पट्टी बदलताना मी टाके बघितले. नऊ आहेत. एकसारखे नाहीत, तिसरा आणि चौथा जरा जवळ आलेत. पण धरलंय घट्ट. माझ्या डोक्यात काय येतं बघ.

ह्यांना मी सांगितलं. ठकूला आत नेलं तेव्हा, बाहेर बाकावर. पांढरा झगा, पाच टाचण्या, आदली संध्याकाळ, सगळं. वर्षात एवढं एका दमात मी त्यांच्याशी बोलले नव्हते. ते ऐकत होते. मग उठून खाली गेले आणि एकच चहा घेऊन आले, स्वतःचा. तेव्हापासून ते भांडले नाहीत, मोठ्यानं बोलले नाहीत. फक्त मी खाटेजवळ एकटी असले की कुठूनतरी येतात आणि म्हणतात, 'जरा पडून ये तू, मी बसतो.' सासूबाई पण तेच म्हणतात. दोघं आळीपाळीनं बसतात. मला कुणी जा म्हणत नाही, सगळे 'जरा पडून ये' म्हणतात.

तुझं पत्र काल आलं. दोनदा वाचलं. तू लिहिलंस, दुकान टाकलंस त्या वर्षी तू पण गिळली होतीस. आठ दिवस कुणाला न सांगता वाट बघितलीस. मग ठरवलंस, शिवताना तोंड बंद ठेवायचंच नाही. म्हणून तू गिऱ्हाइकाशी बोलतेस, कोणी नसलं तर कपड्याशी बोलतेस, कात्रीला शिव्या देतेस. मला आजवर वाटायचं, ताईला बडबडायची खोड आहे. आम्ही घरात किती हसलोय तुला त्यावरून.

पण ताई, तू मला सांगितलं नाहीस. तू 'थुंक' म्हणालीस, का थुंकायचं ते नाही म्हणालीस. तू चार बायकांत हसलीस त्यापेक्षा एकदा मला आत बोलावून म्हणाली असतीस, अगं माझ्या पोटात गेली होती, आठ दिवस मी मेल्यासारखी होते, तर कदाचित. कदाचित पण नाही. मी तेव्हा पण तोंडाकडे बोट दाखवलं असतं. तुझा दोष काढायला लिहीत नाही. आपण दोघी एकाच घरच्या, एवढंच.

तू सांगितलंस तसं मी आता बोलते. लाल गादी मनगटाला बांधलीय, रिकामी. ठकूपाशी बसायला मिळतं तेवढा वेळ तोंड बंदच ठेवत नाही. खिडकीत कबुतर आलं, बघ. ती बाटली संपत आली. तुझ्या बापाच्या सदऱ्याचं बटण मी चुकून काळ्या दोऱ्यानं लावलंय, त्याला सांगू नकोस. घसा बसलाय माझा. शेजारच्या खाटेवरची आजी म्हणते, 'बाई, तू बोलायचं थांबलीस तर आम्हाला झोप लागेल.'

काल डॉक्टरांनी विचारलं, 'ही बोलते का काही?' सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे सगळे उशिराच. डॉक्टर म्हणाले, 'दिवसभर हिच्याशी कोण बोलतं?' सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी असते घरी. ताई, तिला एक शब्द येतो. मला आत्ता कळलं की तो शब्द आहे. दूध हवं की म्हणते, म्म. मला बघितलं की म्हणते, म्म. तिला वाटतं, आई अशीच बोलते.

आज सकाळी हे खाली गेले होते. मी बोलत होते, कशाबद्दल ते आठवत नाही. ठकू माझ्या तोंडाकडे बघत होती. मग सुई नसलेला हात तिनं वर केला, बोट माझ्या ओठांत घातलं आणि आत फिरवून बघितलं. एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या कोपऱ्यात. काही सापडलं नाही. मला वाटलं आता हसेल. तिनं अंगठा आणि बोटानं माझे दोन्ही ओठ धरले आणि मिटवले. घट्ट. डबीचं झाकण लावावं तसं. आणि मग कुठं तिचा जीव शांत झाला, डोळे मिटले.

ह्यांनी दारातून बघितलं. काही बोलले नाहीत. मी पण बोलले नाही, तिची बोटं ओठांवर होती.

ताई, माझी सवय सुटेल पण. गादी आहे, घसा आहे, तू आहेस. तिची कशी सोडवू? तिला तर तीच आई माहीत आहे.

दुकान दोन दिवस बंद ठेवता आलं तर ये. माझ्याशी नको, तिच्याशी बोल. तुझी ती सगळी बडबड घेऊन ये. ह्या वेळेस कुणी हसणार नाही.

बोलता येत नाही म्हणून लिहिणारी,
तुझी साळिंदर