सातवा पाळणा

आबा, तुमचा पाना आता माझ्याकडे राहिला नाही. दोन फूट लांबीचा, मुठीपाशी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेला. तुम्ही गेल्याला अठरा वर्षं झाली, तेवढी वर्षं तो मीच वापरला. तो कुणाकडे गेला हे सांगायला बसलोय, पण त्यासाठी आधी राजूरला जावं लागेल. तुम्ही असता तर म्हणाला असता, तिथं जायची काही गरज न्हाई. गरज आहे.

चतुर्थीची जत्रा. आपला आकाशपाळणा देवळाकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला उभा. आठ पाळणे, प्रत्येक पाळणा एका लोखंडी दांड्यावर लटकलेला, आणि दांडा निसटू नये म्हणून टोकाला एक स्प्लिट पिन. नियम तुमचाच होता, ज्यानं कसलं त्यानं पहिल्या फेरीला बसायचं. गिऱ्हाईक नंतर. मी वीस वर्षांचा, दहावी नापास, पण कसण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता आणि हे मला फार लवकर कळलं होतं. त्या सकाळी सातव्या पाळण्याची पिन मातीत पडली ती सापडेना. नव्या पिना तंबूत, पेटीच्या तळाशी, अंथरुणाखाली. रांग वाढत चाललेली. मी एक दोन इंची खिळा घातला, टोक वाकवलं आणि पहिल्या फेरीला जाऊन बसलो. सातमध्ये नाही. तीनमध्ये.

तुम्ही माणसं बसवताय. सातमध्ये एक बाई दोन लेकरं घेऊन बसली आहे. सवयीप्रमाणे तुमचं बोट दांड्याच्या टोकावरून फिरतं आणि थांबतं. तुम्ही बाईला अगदी हळू आवाजात म्हणता, ताई, जरा उतरा. मग माझ्याकडे वळता.

"हे कसलं कुणी?"

"मी."

"पहिल्या फेरीला कुठं बसलास?"

"तिनात."

पान्याचा पहिला घाव डाव्या मनगटावर बसला. हाड तुटल्याचा आवाज इंजिनच्या आवाजातही ऐकू येतो, हे मला त्या दिवशी कळलं. दुसरा पाठीवर, तिसरा मांडीवर, मग मी मोजणं सोडून दिलं. मी मातीत पडलो तरी तुम्ही थांबला नाहीत. रांगेतलं कुणी पुढं आलं नाही. एक म्हातारा तेवढा म्हणाला, पोरगं मरून राह्यलं, सोडा त्याला. तुम्ही सोडलंत ते त्याच्या सांगण्यावरून नव्हे. तुमचा श्वास संपला होता. माझ्या तोंडात माती आणि रक्त. तुम्ही पाना खाली टाकलात, त्याच सातव्या पाळण्यात, त्याच खिळ्यावर जाऊन बसलात, आणि मला म्हणालात, "ऊठ. तीन फेऱ्या फिरव."

मी उठलो. एका हातानं इंजिनची दांडी ओढली. तुम्ही वर गेलात, खाली आलात. पाळणा दरवेळी माझ्यासमोरून जाताना खिळा करकरायचा. तुम्ही एकदाही खाली पाहिलं नाहीत. तीन फेऱ्या झाल्या, तुम्ही उतरलात, खिळा उपसून माझ्या खिशात घातलात आणि नवी पिन लावलीत. मग मला हाड बसवणाऱ्याकडे घेऊन गेलात. पुढं तुम्ही जाईपर्यंत आपण त्या दिवसाबद्दल बोललोच नाही.

आता माझं ऐका. वडीगोद्रीच्या पुढं, हायवेला लागून, मी जागा घेतली. जत्रेमागं फिरणं बंद केलं. कुटुंबं येतील, डबे आणतील, लेकरं दिवसभर खेळतील असं पार्क उभं केलं. होडी, आगगाडी, घसरगुंडीचा हौद, आणि मधोमध चाळीस फुटी पाळणा. वेल्डिंग मी कुणाकडे शिकलो नाही, गिअरबॉक्स उघडून उघडून शिकलो. डिग्रीवाले येऊन विचारायचे, हे डिझाइन कुणाचं. मी सांगायचो, माझं. मग कोरोना आला आणि दोन वर्षं गेट बंद. हौदात सापाच्या काती, आगगाडीच्या डब्यात कुत्री व्यालेली, पाळण्यावर तांबूस गंज. होडी भंगारात दिली. पुन्हा उभं राहायला आणखी एक वर्ष गेलं. मी, बायको आणि पोरगा, तिघांनी मिळून खरवडलं, रंगवलं, कसलं. पोरगा चोवीस वर्षांचा, हात माझ्यासारखाच. उघडायचा दिवस ठरवला रविवार, आणि मी रोज एकच म्हणायचो, रविवारी काहीही होवो, पाळणा चालूच पाहिजे.

रविवारी दुपारी पाळणा चालू होता. पहिल्या फेरीला पोरगा बसला होता. तिसऱ्या फेरीला मला पाळण्याचा भार पेलणाऱ्या मधल्या नळीतून आवाज आला. बद्द. चांगलं लोखंड टणकन बोलतं. मी सगळ्यांना उतरवलं, नखानं रंग खरवडला, तर आतून लांबी निघाली. दारं-खिडक्यांना रंगाआधी भरतात ती लांबी, आणि तिच्याखाली बोटभर चीर. मी मेन स्विचमधले चिनी मातीचे तिन्ही फ्यूज उपसले आणि डाव्या मुठीत धरले.

दोन जीपा भरून एक कुटुंब आलं होतं, नातवाचा वाढदिवस. त्यांच्यातला थोरला म्हणाला, पोरगं चार दिवसांपासून पाळण्याचं नाव काढून राह्यलं, चालू कर. मी म्हणालो, बाकी सगळं दिवसभर फुकट खेळा, पाळणा फिरणार नाही. "लय घमेंड आहे याला," असं कुणीतरी म्हणालं, आणि पहिली खुर्ची माझ्या कानावर आली. मग लाथा. तिकीटखिडकीची काच फुटली, बायको ओरडत धावली तिला ढकललं. पोरगा माझ्या अंगावर आडवा पडला, अर्धा मार त्यानं खाल्ला. एकजण बुटानं माझी मूठ ठेचत होता, त्याच मनगटावर. फ्यूज फुटून तळहातात घुसले, पण मूठ उघडली नाही. आबा, हे मी अभिमानानं सांगतोय.

पुढचं अभिमानाचं नाही. पोलिसांची गाडी आली, लोक पांगले. मी उठलो, रक्त पुसलं, पाना उचलला आणि पोराकडे गेलो.

"लांबी कुणी भरली?"

"मी."

एकच घाव घातला. खांद्याचं हाड मोडलं. माझ्यासाठी मार खाऊन नुकताच उठलेला पोरगा पुन्हा खाली बसला. रडला नाही. खालून माझ्याकडे बघत म्हणाला, "चीर मला शनिवारी दिसली. पण रविवारी चालूच पाहिजे, असं तुम्हीच म्हणालता. मंग पहिल्या फेरीला मी बसलो ना. तिच्यावरच बसलो."

तो गेला. जालन्याला एका लोखंडाच्या कारखान्यात, गेटवर नोंदी करायला, कारण दुसरं काम त्या खांद्यानं होत नव्हतं. पार्कला पुन्हा कुलूप. माझी मूठ मिटत नव्हती, वेल्डिंग जमत नव्हतं, आणि परका माणूस बोलवायला मन धजत नव्हतं. महिनाभरानं एका सकाळी बायको चहा समोर ठेवत म्हणाली, "तुमच्या बापानं तुमचं मनगट मोडलं, तुम्ही पोराचा खांदा. नातवाचं काय मोडायचं, ते आत्ताच ठरवून ठिवा."

मी जालन्याला गेलो. गेटवर सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, चुकलं माझं. असं मी पूर्वी कुणाला म्हणालो नव्हतो, त्यामुळे नीट म्हणता आलं नाही. त्यानं वहीतली नोंद पुरी केली. मग म्हणाला, "येतो. पण पाना माझ्याकडं राहील." मी पिशवीतून काढून दिला. बरोबर का नेला होता, कोण जाणे.

त्यानं फुटकी नळी कापून काढली, नवी बसवली. मी फक्त पाना आणि पिना हातात देत होतो. मागच्या सोमवारी काम संपलं. नियमानं तो बसायला निघाला. मी त्याला थांबवलं आणि सातमध्ये जाऊन बसलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा उजवा खांदा अजून जरा खाली उतरलेला आहे.

"किती?" त्यानं विचारलं.

"तीन."

वर गेल्यावर हायवे दिसतो, मोसंबीच्या बागा दिसतात. मी काहीच पाहिलं नाही. मी नळीचा आवाज ऐकत होतो आणि मोजत होतो. मी त्याच्या जागी, दांडीपाशी, उभा राहून आलेला माणूस. अशा वेळी हात काय करू शकतो, ते मला ठाऊक आहे. एक. दोन. तीन. पाळणा बरोबर जमिनीपाशी थांबला आणि त्यानं माझ्यापुढचा आडवा दांडा काढला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. खिळा अजून माझ्याजवळ आहे, तो याच कागदात गुंडाळून ठेवीन. फक्त एक दुरुस्ती. राजूरला तीन फेऱ्या झाल्या असं वर लिहिलंय, आयुष्यभर तेच सांगत आलो. तुम्ही तीन सांगितल्यात, मी पाच दिल्या होत्या. तुम्हीही मोजल्या असतीलच.