आईचे शनिवार-रविवार

सोमवार, १० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी आईला बसमध्ये बसवून दिलं. चढता चढता ती म्हणाली, दोन दिवस ठीक आहे, पण चार महिने मला इथे ठेवू नका. ती इथे राहिल्याशिवाय वहिनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेणार नाही, हे तिला ठाऊक आहे ना?

आम्ही काय कमी केलं, तूच सांग. तिला इकडची काडी तिकडे करू दिली नाही. चहा हातात, पाठीला उशी. टीव्हीसुद्धा बंद ठेवला. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन, हे बाल्कनीत, आमची कार्टी स्वतःच्या पलंगावर. आईच्या हातातही एक कादंबरी दिली होती. इतका निवांत शनिवार-रविवार आमच्या घराने पाहिला नव्हता.

तू शिंपी तो शिंपीच, दोन ओळींची टीप मारून पत्र संपवतोस. या वेळी सविस्तर लिही. वहिनीला नमस्कार. राग धरू नये.

तुझी,
धाकटी

रविवार, १६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी वहिनी आता जिना उलटी उतरते, कठड्याला धरून. वर विचारते, मी पडले तर तुमचे सदरे कोण धुणार? आई इथे राहिली तर सुनेची उस्तवार करायला धावेल आणि आठवड्यात स्वतःच अंथरूण धरेल. म्हणून तुझ्याकडे पाठवायचं. रोज देवाकडे मागणं मागतो, पण नुसत्या मागण्याने कुणाची सोय लागत नाही.

आईला विचारलं. म्हणाली, त्यांचं छान आहे, ज्याचं त्याला वाचता येतं. मला अर्थ लागला नाही. आज दुपारी मी काजं करत बसलो होतो आणि ती शेजारी बसून मोठ्याने वाचत होती. मी पाणी प्यायला उठलो, तशी ती पानात बोट घालून थांबली. मी परत सुई हातात घेतली, तेव्हा पुढचं वाक्य वाचलं.

तू लहानपणीच शिकायला मामाकडे गेलीस, म्हणून तुझ्या लक्षात राहिलं नसेल. बाबांची नजर टाक्यावर, तेव्हा त्यांच्यासाठी आई वाचायची. एकटीने, मनातल्या मनात तिने कधी पान उलटलेलं मी पाहिलं नाही. तुझ्याकडची ती कादंबरी दोन दिवस पहिल्याच पानावर राहिली असणार. तुम्ही तिला सगळं दिलंत, ऐकणारं माणूस तेवढं दिलं नाहीत.

मात्र नाटक करू नकोस, ती लगेच ओळखते. समोरच्याचे हात खरोखर कामात असावे लागतात.

देव तुम्हा सर्वांना सुखी ठेवो.

तुझा,
दादा

सोमवार, २४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. पाहुणी आलेल्या आईला कामाला लावू? मग उठून ती कादंबरी पाहिली. पुढची पानं एकमेकांना चिकटलेली होती.

शुक्रवारी तिला पुन्हा बोलावून घेतलं. पण हात कुणाचे गुंतवायचे? शिवणटिपण मला येत नाही, तू हसशील. शेवटी हेच कामी आले. आठवड्याचे कपडे शनिवारी हेच इस्त्री करतात, दार लावून. या शनिवारी यांनी टेबल बाहेर आणलं आणि आईला म्हणाले, माझी रहस्यकथा अर्धी राहिली आहे, जरा वाचता का? आईने चष्मा पुसला, आधीच्या भागात काय झालं ते सगळं यांच्याकडून वदवून घेतलं आणि सुरू केलं. खून झाला तसा यांचा हात थांबला. आईने वाचता वाचताच दटावलं, की मेलेला काही उठत नाही, तुम्ही इस्त्री उचला. तोवर निळ्या शर्टावर होडीएवढा डाग पडला होता. कार्टी हसत बाहेर आली आणि मटार सोलायला तिथेच बसली. मीही आतून पालक आणला.

रविवारी इस्त्रीला कपडे उरले नाहीत. यांनी घडीच्या चादरी काढल्या.

काल आई गेली नाही. तिची लुगडी आणि औषधं पाठवून दे, आणि वहिनीच्या ऑपरेशनची तारीख घे. आईचा निरोप जसाच्या तसा लिहिते. डॉक्टरांना सांगायचं, गुडघा सावकाश बरा होऊ द्या. खुनी अजून सापडलेला नाही, आणि जावईबापूंकडे अशी आणखी पुस्तकं आहेत.

वहिनीला धीर दे. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
धाकटी