पांढरी, वाघीण आणि विहीणबाई

४ मे, सोमवार

ईशे, हे तू कधीतरी वाचशील. वाचायला चष्मा सापडत नसेल तर आधी डोक्यावर हात फिरव, तिथेच असेल. पाण्याची बाटली शाळेत, रॅकेट रिक्षात, आणि मला दिलेला शब्द कुठे, ते देवाला ठाऊक. शब्द असा होता: रविवारी कात्रजला साप बघायला जायचं. काल रविवार होता. मी बरी साडी नेसून बसले होते. नातबाई एरंडवण्याला.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, सूनबाई लिहिते. मीनल नाव तिचं. तिला आधीच बजावलंय, मनात येईल ते सगळं लिहायचं, गाळायचं नाही, आणि शेवटी वाचून दाखवायचं.

"सगळं?"

"तुझ्या आईबद्दलचंसुद्धा."

पेन थांबलं. मग म्हणाली, "सांगा, माई."

तिची आई म्हणजे आमच्या विहीणबाई, सुलभाताई. एरंडवण्याला राहतात. कॉलेजात टेनिस खेळायच्या. काचेच्या कपाटात चांदीचा कप आहे. त्यावर धूळ नसते. मी बोट फिरवून पाहिलंय.

(विहीणबाई लांब पडतं. यापुढे वि.बा. लिहीन. — मीनल)

६ मे, बुधवार

मुद्दा असा. ईशा बारा वर्षांची. टेनिस बरं खेळते म्हणतात. शिकते ते कोर्ट वि.बां.च्या घरामागेच. जूनपासून रोज पहाटे बोलावलंय. इथून, धायरीहून, रोज पहाटे कोण नेणार? म्हणून सोमवार ते शुक्रवार तिकडेच राहायचं, शाळासुद्धा तिथूनच, असं घाटतंय. शाळा उघडायच्या आत ठरवायचं. माझा मुलगा संजय म्हणतो, "तिचं तिला ठरवू दे." मला कोणी विचारलं नाही.

गेली तर माझ्याकडे शनिवार-रविवार. म्हणजे पाहुणी.

आत्ताच काय कमी आहे? मला ती माई म्हणते, कारण तिचा बाप म्हणतो. आजी म्हणते ती त्यांना. शब्द आधीच तिकडे राहायला गेलाय.

मीनल म्हणते, "माई, तुम्हाला हेवा वाटतोय."

वाटतोय. लिही. मोठ्या अक्षरात लिही, मला कुठे वाचायचंय.

९ मे, शनिवार

तिकडे दोघी काय करतात ते गुरुवारी डोळ्यांनी पाहिलं. सोफ्यावर मांड्या घालून भांडतात. विषय एकच. जगात आजवरची सगळ्यांत मोठी टेनिसवाली बाई कोण?

"आजी, तू पार्शल आहेस!"

"अगं, तिचा हात बघ, हात! तुझी ती नुसती ताकद."

"ताकद म्हणजे काय पाप आहे का?"

एकमेकींना उशा मारतात. मधेच वि.बां.चं माझ्याकडे लक्ष गेलं. "आपण कंटाळलात का हो? चहा टाकू?"

आपण! ज्याला खेळात घ्यायचं नसतं त्याला चहा विचारतात.

घरी येऊन टीव्हीचा रिमोट हातात घेतला. त्याच्याशी बोललं की ऐकतो. या घरात तेवढा एकच ऐकतो. म्हटलं, "टेनिस खेळणाऱ्या मोठमोठ्या बायका दाखव."

दाखवल्या की. ढीगभर.

१० मे, रविवार

सकाळी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. ईशा घरी थांबली. तेल गरम करून आणलं, चोळायला बसली. जीव सुखावला. मग तिने फोन माझ्याच उशीला टेकवून ठेवला. आत वि.बा.! दोघी आपापल्या घरून एकच मॅच बघत होत्या.

वि.बां.नी फोनमधून विचारलं, "कोणता गुडघा हो?"

मी म्हटलं, "उजवा."

ईशा म्हणाली, "माई, मी मघापासून डावा चोळतेय."

पुढे काही सांगण्यासारखं नाही.

१३ मे, बुधवार

रोज दुपारी टेनिस. नावं खाली लिहिलेली असतात म्हणे, मला काय उपयोग? मी माझी ठेवली.

वाघीण ही ईशाची आवडती. चेंडू वर टाकते आणि त्याच्याकडे असं बघते, की तो आपणहून पलीकडे जाऊन पडावा. डावरी ही वि.बां.ची. सारखी जाळीपाशी धावते. शेजारी भांडण लागलं की आपण कशा कुंपणाला जाऊन टेकतो, तशी.

माझी पांढरी. पांढरा घेरदार झगा, लाकडी बॅट, केस मागे बांधलेले. ओरडत नाही, आदळआपट नाही. जिंकली तरी चेहरा असा, जणू तव्यावरची भाकरी उलटली, त्यात काय मोठं. समोरची दमते, ही घाम पुसून परत उभी. असलं माणूस मला समजतं.

मीनलला म्हटलं, सगळ्यांत मोठी हीच. मीनल म्हणाली, "माई, तुम्ही तिघी तीन पक्ष झालात." झालो. निदान पक्ष तरी झाला. इतके दिवस मी सभेला सतरंजी घालणाऱ्यांत होते.

रविवारची तयारी चालू आहे.

१७ मे, रविवार

एरंडवण्याला. दोघींचं सुरू झालं, डावरी की वाघीण. मी घसा साफ केला.

"एवढं भांडायचं कशाला? ईशाची वाघीण आणि माझी पांढरी, लावा ना एकदा समोरासमोर. मी रोज बघते, एकदाही गाठ पडली नाही. टाळतात का एकमेकींना?"

"पांढरी कोण?" ईशाने विचारलं.

लाकडी बॅट, घेरदार झगा, सगळं सांगितलं. फोनमध्ये तिने काढून दाखवली. हीच ना? हीच. मग पोट्टी सोफ्यावरून खाली घसरली.

"माई! या मॅचला पन्नास वर्षं झाली! ती आता म्हातारी असेल!"

टीव्हीत खाली साल येतं म्हणे. असेल. मला तर सगळ्या आजच खेळताना दिसल्या. रंग फिका होता, मला वाटलं तिकडे ऊन कमी.

ईशाला हसून हसून ठसका लागला. वि.बा. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. उलट म्हणाल्या, "यांचं काही चुकलं नाही गं. आपणही तेच करतो. ज्या कधी भेटल्याच नाहीत त्यांच्या मॅचेस लावतो."

त्यांनी माझी बाजू घेतली! ते तर मुळीच सहन झालं नाही. म्हटलं, "मग भेटतच नाहीत त्यांना कशाला झुंजवायचं? घरात काय कमी माणसं आहेत?"

मीनल चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली.

(राहिले. — मीनल)

२१ मे, गुरुवार

तीन दिवस टीव्ही लावला नाही. आज लावला.

पांढरी माझ्याच वयाची निघाली. ती तिकडे झग्याचा घेर सावरत पळत होती, तेव्हा मी वाशीमकडच्या आमच्या गावात विहिरीचं पाणी ओढत होते. हात माझाही चांगला होता. बघायला बाकावर माणसं बसली नव्हती, एवढंच. दोराने तळव्याला घट्टे पडले, ते अजून आहेत. तिलाही असतील. पण तिच्या घट्ट्यांना टाळ्या मिळाल्या.

आता तिचाही हेवा. यादी वाढतेय माझी.

आता तिचाही गुडघा दुखत असेल. खराच.

मीनलला म्हटलं, एक विचार येतो. या दोघी जगातल्या बायकांची तुलना करतात, तशी पोरगी मनातल्या मनात आम्हा दोघींची करत असेल का?

"विचारू तिला?"

"खबरदार."

२४ मे, रविवार

ईशाची स्पर्धा. पहिल्याच फेरीत वारज्याची एक लांब हातांची मुलगी समोर. आम्ही दोघी विहिणी एका बाकावर, मधे पाण्याची बाटली. वि.बा. पुटपुटत होत्या, "पाय हलव, पाय..." मी ओरडले, "मार तिला!" उंच खुर्चीवर बसलेल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. वि.बां.नी त्याला हात जोडले. माझ्या वतीने. मी सांगितलं नव्हतं.

हरली. दोन्ही सेट.

वि.बा. लगबगीने जाळीपाशी गेल्या, कुठे चुकलं ते सांगायला लागल्या. ईशाने त्यांच्या हातात रॅकेट दिली आणि तशीच माझ्याकडे चालत आली. पदरात तोंड घातलं. पदर भिजला, घामाने की कशाने, पाहिलं नाही. मी तिच्या डोक्यावरून समोर पाहिलं. वि.बा. रॅकेट धरून तिथेच उभ्या होत्या.

मला आनंद झाला. लिही मीनल. पोरगी हरली आणि मला आनंद झाला.

(लिहिलं. आज वाचून दाखव म्हणाल्या नाहीत. — मीनल)

२६ मे, मंगळवार

ईशा म्हणते, टेनिस नको. तिकडे राहायला जायचं नाही. रॅकेट दारामागे.

मी दोन दिवस घरभर गुणगुणत होते. मीनलने पाहिलं. तिच्याच आईचा फोन आला. मला. इतक्या वर्षांत मला म्हणून पहिलाच.

"रागावलीय का हो ती माझ्यावर? फोन उचलत नाही."

मी म्हटलं, "झोपलीय." समोर बसून आंबा खात होती.

म्हणाल्या, "तुमचं बरं आहे. हरली की तुमच्याकडे जाते. माझ्याकडे येते ती शिकायला. मी क्लास आहे हो. आजी तुम्ही."

हे त्या मला सांगत होत्या. मला! फोन ठेवला. म्हणजे त्या चांदीच्या कपामागे बसून बाई माझा हेवा करत होती. आधी सांगितलं असतं तर मी जरा बरी वागले असते. कदाचित.

२८ मे, गुरुवार

पोरगी घरात आहे. हवं होतं ते मिळालं. पण ती घरात आहे ती पाहुणा विसरून गेलेल्या पिशवीसारखी. इथून उचलली, तिथे ठेवली. जेवते. फोन बघते. कात्रजला चल म्हटलं तर म्हणाली, "तुला जायचं असेल तर जाऊ." साप बघायला असं कोणी जातं का?

शेवटी मी म्हटलं, "माझी पांढरी हरलेली एखादी मॅच काढून दे."

"कशाला?"

"हरल्यावर कुठे जाते ते बघायचंय."

नाक मुरडून लावून दिली. आधी उभी राहून बघत होती. मग खुर्चीच्या हातावर टेकली. मग खाली माझ्या पायाशी. पांढरी हरली. समोरचीशी हात मिळवला, आपली पिशवी आपण भरली, निघाली. कोणाच्या पदराशी गेली नाही. की तो भाग दाखवत नाहीत?

ईशा म्हणाली, "थांब, मागे घे." घेतलं. "माई, बघ, इथे ती उशिरा वळली. मी पण अशीच उशिरा वळते!" आणि उठली. मला वाटलं पाणी प्यायला. आतून आवाज आला, "आजी, ऐक ना, मला कळलं काय चुकलं ते..."

अर्धा तास बोलत होती.

चूल मी पेटवली, भाकरी तिकडे. माझ्याच हाताने केलं हे, मीनल. नीट लिही. पुढे कोणी म्हणायला नको की वि.बां.नी ओढून नेली.

३० मे, शनिवार

ठरलं असं की काही ठरलं नाही. उद्या संध्याकाळी ती तिकडे जाणार, आठ दिवस राहून बघणार. मग सांगणार. मी विचारलं, "काय वाटतं तुला?" म्हणाली, "माई, मला माहीत नाही ना." दारामागची रॅकेट मात्र पिशवीत गेली आहे.

मी रडले नाही. मीनल, तूही डोळे पूस, शाई फुटेल.

आता कामाचं. डबा पाठवायचा. भाकरी नको, तिकडे दुसऱ्या दिवशी गरम करतील आणि चामडं करतील. धपाटे पाठव, तीळ जास्त घालून, आणि चार वि.बां.साठी वेगळे बांध, तिखट कमी. त्यांना सांग, मी पाठवलेत. शेंगदाण्याची चटणी पाठव, लाडू पाठव.

कैरीचं लोणचं पाठवू नकोस. मागितलं तरी नाही. म्हणावं, बरणी मोठी आहे, हलवता येत नाही, येऊन खा.