ह्यांनी लावलेलं झाकण

१८ मार्च, मंगळवार
कॉफीची बाटली उघडेना. म्हणजे ह्यांना उघडेना. लिहितानासुद्धा विचित्र वाटतंय. लग्न झाल्यापासून या घरात झाकणं हे खातं ह्यांचं. हडपसरच्या कारखान्यात जन्मभर व्हॉल्व्ह जोडले, हातात पाना नसला तरी हात पान्यासारखेच. सोसायटीत कोणाचं काही अडकलं की काकांकडे द्या. काका उघडून देणार, वर एक टोमणा फुकट.

आज दोनदा फिरवलं, सदऱ्याला हात पुसले, परत फिरवलं. मग म्हणाले, "झाकणात दोष आहे. हल्ली काहीही बनवतात." आणि बाल्कनीत जाऊन पेपर उघडला. मी गरम पाण्याखाली धरून, फडक्यानं, कसंबसं उघडलं. परत अलगद लावून ठेवलं. थोड्या वेळानं हे आले, फिरवलं, निघालं.
"बघ, आता कसं मुकाट्यानं आलं."
म्हटलं, तुम्हाला घाबरलं. हसले. मी सिंकपाशी तोंड फिरवून उभी राहिले. एवढ्याशा गोष्टीला रडू का यावं.

२ एप्रिल, बुधवार
डॉक्टर. मानेतली नस दबलीय. उजव्या अंगठ्याखालचा गुबगुबीत भाग बसत चाललाय, त्यांनी दाबून दाखवला. मी रोज ते हात बघते, आणि मला दिसलं नाही.
"गेलेली ताकद परत येईल असं मी म्हणणार नाही. आहे ती टिकवायची. हाताला काम देत राहा." दाबायला एक रबरी चेंडू.
ह्यांनी एवढंच विचारलं, "आणि डावा?" तोही, हळूहळू.
रिक्षानं परत निघालो. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरची एक मुलगी चेंडू घेऊन बसलेल्या ह्यांच्याकडे बघून हसली. हेही हसले. मला नाही जमलं.

११ एप्रिल, शुक्रवार
आता पद्धत बसलीय. हे अंघोळीला गेले की मी झाकणं सैल करून ठेवते. कॉफी, मध, मुरांबा, तूप. गरम पाणी, नाहीतर चमच्याचं टोक घालून आत हवा जाऊ द्यायची. पार सैल नाही, थोडं घट्ट ठेवायचं, नाहीतर ह्यांना कळेल. माझीही मनगटं काही तरुण नाहीत, ठणकतात. रोज तेच काय लिहायचं, यापुढे इथे नुसतं झा. सै.
डॉक्टर म्हणालेच ना, हाताला काम द्या. देतेय. अशी आपली मी स्वतःची समजूत घालते.

२७ एप्रिल, रविवार
झा. सै. खालच्या मजल्यावरची मृदुला आली. अमरावतीची, हडपसरला आयटीत. आईनं पाठवलेली ठेच्याची बाटली घेऊन. "काकू, काका काय करून राहिले? हे निघतच नाहीये."
हे आत दाढी करत होते. म्हटलं आण, मी देते त्यांना, तू बस. बाटली स्वयंपाकघरात नेली. काय आवळली होती त्या माउलीनं! माझं नख तुटलं. मग बाहेर आणून ह्यांच्या हातात दिली. तिच्यासमोर एका झटक्यात उघडली.
"एवढ्यासाठी जिना चढलीस? इंजिनीअर ना तू?"
ती खूश. ह्यांचं तर विचारूच नका. एक पोळी जास्त, दुपारभर शीळ. मी नखाला हळद लावत होते, तर म्हणाले काय झालं. म्हटलं, विळीवर.

१६ मे, शुक्रवार
कैरीचं लोणचं घातलं. मंडईतून फोडून आणलेल्या कैऱ्या, मोहरी, मेथी, हिंग, तेल तापवून पार गार केलेलं. बरण्या पूर्वी चिनी मातीच्या होत्या, वर फडक्याचा दादरा बांधायचा. घर बदलताना त्या फुटल्या, तेव्हापासून फिरकीच्या झाकणाची मोठी काचेची. आमच्याकडची रीत अशी की भरायचं मी, झाकण लावायचं ह्यांनी, आणि मुरलं की उघडायचंही ह्यांनीच. पहिली फोड ह्यांच्या पानात.
अंघोळ करून, हात कोरडे करून आले. बरणी पोटाशी धरली, आवळली. "आता वर्षभर मरण नाही." दर वर्षी हेच म्हणतात.
हे बाहेर गेल्यावर मी हात लावून बघितला. आणि दोन्ही हातांनी आणखी आवळलं. लोणच्याशी खेळ नको.

७ जून, शनिवार
उद्या लोणचं उघडायचं. दुपारी हे झोपले असताना बरणीचं झा. सै. स्वतःच आवळलेलं स्वतःच सोडवताना डोळ्यांतून पाणी आलं.
आत्ता संध्याकाळी केतकीचा नाशिकहून फोन. बाथरूममध्ये घसरली, पायाला प्लास्टर. आमची एकुलती एक लेक, घरात दोन पोरं. सकाळच्या गाडीनं निघतोय. बॅग भरायची आहे.

२९ जून, रविवार
काल परत आलो. केतकी कुबडी घेऊन चालायला लागलीय.
आज पानं घेतली, तर हे म्हणाले, "अगं, लोणचं राहिलंच की आपलं." अंघोळ झालेली होती, हात पुसले, बरणी घेतली. झाकण नुसतं फिरलं आणि हातात आलं. वर पांढरी बुरशी, तेलाचा थर दिसेना. वास.
मला तिथेच कळलं. झाकण सैल ठेवून नाशिकला गेले. त्या फोनच्या गडबडीत बरणी डोक्यातून पार गेली. इकडे सगळी दमट हवा.
हे झाकण धरून उभे. "मीच लावलं होतं ना हे?"
तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं नाही.
"म्हणजे आता लावताही येत नाही मला."
स्वतः खाली नेऊन टाकून आले. लोणचं नासलं की सासूबाई त्या दिवशी जेवत नसत. आज हे जेवले नाहीत. मीही नाही.

४ जुलै, शुक्रवार
चेंडू ड्रॉवरमध्ये गेला. कॉफी नको म्हणतात, चहाच चालेल. चहाच्या डब्याला दाबाचं झाकण आहे.
मृदुला आली होती सॉसची बाटली घेऊन. हे म्हणाले, "दुकान बंद झालं, बाळ," आणि आत गेले. तिला वाटलं चेष्टा. मग माझं तोंड बघितलं आणि बाटली तशीच घेऊन गेली.
सांगितलं तर मार्चपासून उघडलेली सगळी झाकणं खोटी ठरतात. नाही सांगितलं तर हा माणूस समजून बसणार की आपल्याच्यानं साधं झाकण लागत नाही, आपण वर्षाचं लोणचं घालवलं. काहीही केलं तरी लागणार ह्यांनाच. माझं काय, मी आपली नामानिराळी.

६ जुलै, रविवार
सांगितलं. भाजी निवडताना. ह्यांच्याकडे न बघता. लोणचं माझ्यामुळे गेलं, मीच सैल केलं होतं, तुम्हाला उघडता यावं म्हणून.
मग, "मृदुलाचा ठेचा?"
तोही.
"कॉफी?"
हो.
"एखादं तरी माझं होतं का गं?"
आठवेना. खरंच आठवेना. म्हटलं, तूप असेल.
"तूप," म्हणाले. चपला घालून बाहेर गेले. मी मेथीची जुडी निवडली आणि देठं पातेल्यात, पानं कचऱ्यात टाकली. परत उचलून धुतली.
कोथिंबीर घेऊन आले. घरात जुडी असताना. बसले माझ्यासमोर. "यापुढे माझ्या मागे कशालाही हात लावायचा नाही. नाही उघडलं तर नाही उघडलं, उपाशी राहू. कबूल?"
कबूल.
"ते नख विळीवर नव्हतं तुटलं."
नाही म्हटलं. माझा हात घेऊन बघितला. नख कधीच वाढलंय.
मग एकदम चेहरा जरा उजळला. "पण म्हणजे लावलं मी बरोबर होतं. सैल तू केलंस. लावता येतं मला अजून."
मी त्यावर आणखी आवळलं होतं, तेवढं नाही सांगितलं. कसं सांगणार? एवढंच उरलं होतं त्यांच्याकडे.

१९ जुलै, शनिवार
चेंडू ड्रॉवरमधून बाहेर. सकाळ-संध्याकाळ बाल्कनीत. जॅम उघडला नाही, तसाच ठेवला, पोळीला तूप लावून खाल्ली. मी हात लावला नाही. फार जड जातं, समोर नुसतं बसून राहणं.
म्हणाले, लिंबाचं घालू या का. झाकण मी लावीन.

२७ जुलै, रविवार
लिंबाचं घातलं. फोडी, मीठ, साखर, तिखट. तीच बरणी, उकळत्या पाण्यानं धुऊन, पुसून, कोरडी करून.
ह्यांनी बरणी ओट्याच्या कोपऱ्यात अडकवली, फडकं घेतलं, दोन्ही हात. मानेच्या शिरा वर आल्या. ओठ दाबलेले. मी बघत होते आणि माझी बोटं आपोआप वळत होती. हात मागे बांधून उभी राहिले.
"झालं. आता वर्षभर मरण नाही."
दमून खुर्चीत बसले. कॉफी मागितली. बाटली माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "ही तू उघड. उघडण्याचं खातं तुझं. लावण्याचं माझं." इतक्या दिवसांत पहिल्यांदा पूर्वीसारखे बोलले.

२८ जुलै, सोमवार
सकाळी ओटा पुसायला बरणी हलवली. झाकणाला धरून उचलू नये हे मला कळतं, पण सवय. झाकण हातात आलं. जोर नाही, काही नाही, दोन बोटांनी. बरणी खाली तशीच.
कालचा सगळा जोर तो. मानेच्या शिरा, फडकं, सगळं.
परत ठेवलं, जेवढं होतं तेवढंच फिरवलं. जास्त नाही. कबूल केलंय. पण असं राहिलं तर हेही नासणार, आणि या वेळी दोष घ्यायला मी नाही. आवळलं तर परत तेच, मार्चपासूनचं. सांगितलं तर...
टेबलाशी बसून लिहितेय. बरणी समोर. हे बाल्कनीत चेंडू दाबतायत, शीळ घालत. आत्ता तिथूनच हाक मारली, "अगं, बरणी आत फळीवर ठेवलीस का? लागलंय ना नीट?"
म्हटलं, थांबा, बघते.
अजून उठले नाही.